फळं संपल्यावरचे तीन आठवडे

मागच्या वर्षी मी स्ट्रॉबेरीची अकरा रोपं स्वतःच्या हातानं कुजवली, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. कीड लागून गेली असती तर इतकं लागलं नसतं. गेली ती माझ्या घाईनं, तेही तोडणी संपून वाफा शांत झाल्यावर.

लावणी, फुलं, फळं सगळं सुरळीत झालं होतं. शेवटची फळं तोडल्यावर आठवड्याच्या आत मी पानं छाटली. जुन्या पानांवर ठिपके पडलेले असतात, खाली लाल कोळी ही बारीक कीड लपलेली असते, म्हणून ती काढून वाफ्याबाहेर टाकायची. क्राऊनच्या वर तीन-चार सेंटीमीटर देठ ठेवून कापलं. देठांच्या बुडाशी जे आखूड, जाड खोड असतं तोच क्राऊन. पुढची पानं, फुलं, रनर (म्हणजे जमिनीवरून लांब पसरणाऱ्या, नवं रोप धरणाऱ्या वेली), सगळं त्यातूनच फुटतं.

आणि मग काहीच होईना. उघडा वाफा, वर नुसते खुंट. आठ दिवस झाले, दहा झाले, एक हिरवा ठिपका दिसेना. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागले. पानंच नाहीत तर रोप पाणी ओढणार कुठून, हे कळत होतं. पण नुसतं बघत बसवत नव्हतं. बाराव्या दिवशी कंपोस्ट आणून सगळ्या वाफ्यावर दोन बोटं जाडीचा थर पसरला, क्राऊनही झाकले. वाटलं, ताकद मिळेल.

आठवडाभरानं एक देठ सहज धरून पाहिला, तर तो बुडापासून सुटून हातात आला. रोप उपटलं आणि क्राऊन सुरीनं उभा चिरला. आत पांढरट आणि टणक असायला हवं होतं, तिथं तपकिरी लगदा होता. शेजारचं रोप तसंच, त्याच्या शेजारचंही. त्या संध्याकाळी गुडघ्यावर बसून उरलेल्या प्रत्येक क्राऊनवरचं कंपोस्ट बोटांनी बाजूला सारलं आणि पाणी थांबवलं. अठरातली सात वाचली, बहुतेक कडेची, जिथं थर पातळ पडला होता. चार दिवसांनी त्यातल्या एकावर नवं पान दिसलं, पंख्यासारखी घडी घातलेलं, बारीक रेशमी लव असलेलं. मी कितीतरी वेळ तिथून उठलेच नाही.

म्हणून सांगते, क्राऊनवर माती चढू देऊ नका. मुळं मातीत आणि क्राऊनचा कोंब उघडा, एवढं सांभाळा. खत द्यायचं ते रोपाच्या बाजूनं. छाटल्यावर माती नुसती ओलसर हवी. बोट खुपसून पाहायचं, आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. पानं आली की मग आठवड्याला साधारण अडीच सेंटीमीटर उंचीइतकं पाणी पुरतं.

हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं: माझी जात वर्षातून एकदाच फळणारी आहे. पुन्हा पुन्हा फळणाऱ्या जातीची सगळी पानं कापू नका, वाळलेली आणि डागाळलेली तेवढी काढा. आणि छाटणी लांबली असेल, नवी पानं वर आली असतील, तर कात्री लावूच नका. दिवस लहान होऊन हवा गार झाली की पुढच्या हंगामाच्या कळ्या क्राऊनमध्ये तयार होतात. तोवर रोपाला भरपूर पानं हवीत.

रनर बघून मन भुलतं, पण बहुतेक कापायचेच, नाहीतर आई-रोप त्यांनाच पोसत बसतं. मी प्रत्येक आई-रोपाचे दोनच ठेवले. रनरवर पहिलं पिल्लू, म्हणजे नवं रोप, जिथं धरतं तिथं खाली मातीनं भरलेली छोटी कुंडी ठेवून, तारेच्या आकड्यानं ते हलकेच दाबून बसवलं. पाचेक आठवड्यांनी पिल्लू ओढलं तर हलेना, तेव्हा रनर तोडला. तीन-चार वर्षांत आई-रोपं थकतात, त्यामुळे ही पिल्लं लागतातच. कुजलेल्या जागी मात्र ती लावली नाहीत. टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची नुकती काढलेली जागाही टाळली. त्यांचा मर रोग मातीतून स्ट्रॉबेरीला लागतो.

यंदा छाटणीनंतर कंपोस्टचं पोतं बांधूनच ठेवलं. सतराव्या दिवशी पहिलं पान आलं.