पथ्याचा डबा: आमची वाटचाल

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल 1894 साली इथं उभं राहिलं. आज कोकणातून, बेळगाव-विजापूरकडून पेशंट येतात. सोबतच्या माणसांना लॉज मिळतो, खानावळ मिळते. पेशंटच्या पथ्याचं मात्र कुणी बघायचं? आमचा डबा सुरू झाला तो या अडचणीपायी.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स, झालेली. कोर्सला न्यूट्रिशनचं प्रॅक्टिकल असायचं. बार्ली वॉटर, अल्ब्युमिन वॉटर करून दाखवायचं, मार्क घ्यायचे आणि विसरायचं. मला त्यातच गोडी लागली. पुढं बरीच वर्षं डायलिसिस युनिटला होते. भेटायला येणारा प्रत्येक जण प्रेमानं शहाळं आणायचा, आणि किडनीच्या पेशंटला नेमकं तेच घातक. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि बिघडलेल्या किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही. रक्तात पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. मीठ कमी करायचं म्हणून घरचे बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ आणतात, तर त्यात बहुधा पोटॅशियमच घातलेलं असतं!

नोकरी सोडून घरच्याच ओट्यावर सुरुवात केली, मदतीला सासूबाई. भाज्या सोलून, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं, हे त्यांना कधीच पटलं नाही. ‘‘अगं, सगळा कस मोरीत गेला की!’’ कस जायलाच हवा होता, कारण त्या पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं. त्यांचा हात लागला तो चवीला: मीठ बेताचं ठेवून लिंबू, जिरं, लसणावर भाजी निभावून न्यायचं मी त्यांच्याकडूनच शिकले.

डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं कमी करायला सांगतात, सुरू झाल्यावर वाढवायला. माणसं गोंधळतात. डब्यात अंड्याचा पांढरा भाग दिसला की हमखास फोन येतो. मी न कंटाळता समजावते, पण डाएट स्वतः लिहून देत नाही. आहारतज्ज्ञांचा कागद असेल तरच डबा. ‘वजन उतरवून द्या’ म्हणणाऱ्यांना आम्ही हात जोडतो.

नाकातल्या नळीतून द्यायचं फीड हे वेगळंच काम. एक गुठळी राहिली तरी नळी तुंबते, म्हणून नाचणीची पेज दोनदा गाळतो. पेशंट घरी न्यायच्या आधी नर्सनी सगळं शिकवलेलं असतं, तरी पहिल्या डब्याबरोबर मी स्वतः जाते. डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर हवी, फीड झाल्यावर नळीतून थोडं पाणी सोडायचं, लगेच आडवं करायचं नाही.

आता बचत गटातल्या बायका कामाला आहेत. वॉर्डात ड्यूटी बदलताना देतात तसा इथंही ओव्हर द्यावाच लागतो: कुणाचं काय बदललं, कुणाला पाणी मोजून आहे. आमटीसुद्धा त्या पाण्यातच धरायची. डब्यावरची चिठ्ठी दोघींनी वाचल्याशिवाय डबा बाहेर पडत नाही. विजापूरकडच्या लोकांसाठी चिठ्ठी कन्नडमध्येही असते.

सांगलीतून मागणी आहे. पण तिथवर जाईतो अन्न 60 अंशांच्या वर गरम ठेवायची सोय आमच्याकडे अजून नाही, म्हणून सध्या फक्त मिरजेतच डबे देतो.