पंखाची कड आणि एक साखर

आमच्या घरी साखरेचा विषय निघाला की तो बाबांच्या मधुमेहावरच येऊन थांबतो. बडोद्यात प्राणिशास्त्र शिकवताना वर्गातही तेच दिसतं: साखर म्हणजे पेशीचं इंधन, पुढे काही नाही. म्हणून मी मुलांना आधी फळमाशीचा पंख दाखवते.

नॉच हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. त्यात बिघाड झाला की पंखाची कड खाचदार होते. जनुकशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१० च्या दशकातच अशा माश्या अभ्यासल्या होत्या. शेजारच्या पेशीवरचं डेल्टा किंवा सेरेट हे प्रथिन नॉचला भिडलं की निरोप आत पोचतो आणि जनुकं चालू होतात.

नॉचच्या बाहेरच्या भागात एकाच धाटणीचे ३६ तुकडे असतात. त्यांतल्या बऱ्याच तुकड्यांवर फ्युकोज ही साखर बसते. फ्रिंज नावाचं एन्झाइम काही फ्युकोजवर आणखी एक साखर चढवतं. २००० साली हे उलगडलं. या एका साखरेने नॉच डेल्टाला जास्त दाद देतं, सेरेटला जवळजवळ देतच नाही!

पंख घडताना फ्रिंज फक्त वरच्या बाजूच्या पेशींत असतं, आणि सेरेटही तिथेच. त्यामुळे वरच्या पेशी आपसांतल्या सेरेटकडे दुर्लक्ष करतात, पण खालून येणाऱ्या डेल्टाला प्रतिसाद देतात. खालच्या पेशींच्या नॉचवर ही जास्तीची साखर नसते, म्हणून त्या वरच्या सेरेटला प्रतिसाद देतात. दोन्ही बाजू भेटतात त्या अरुंद पट्ट्यातच नॉच जोरात काम करतं, आणि तिथेच पंखाची कड तयार होते. इतकी नेमकी रेघ एका साखरेवर आखली जाते, याचं मला दरवर्षी नव्याने अप्रूप वाटतं.

माणसातही फ्रिंजची भावंडं आहेत. त्यांतल्या एकात दोष असला तर बाळाचे मणके वेडेवाकडे घडतात.

रूमी हे एन्झाइम नॉचवर ग्लुकोज बसवतं. ते नसलेल्या माश्या १८ अंशांना बऱ्यापैकी निभावतात. तापमान वाढलं की नॉचचं काम कोलमडतं. ग्लुकोजविना नॉचची घडण उष्णतेत टिकत नाही. म्हणूनच मे महिन्यात, बाहेर पारा चाळिशीपार असताना, विद्यार्थ्यांना माझी ताकीद असते: माश्यांच्या बाटल्या इनक्युबेटरबाहेर, म्हणजे तापमान स्थिर ठेवणाऱ्या पेटीबाहेर, राहता कामा नयेत, आणि तापमानाची नोंद रोज वहीत हवी. ती नसेल तर माशीतला बिघाड रूमी नसल्यामुळे किती आणि उन्हामुळे किती, हे कोणालाच सांगता येणार नाही.