गाडीतलं चार्जिंग: मेच्या उन्हापासून पावसाळ्यापर्यंतची नोंद

मंडळी, गाडीत फोन नीट चार्ज व्हावा म्हणून उन्हाळ्यात हाती घेतलेलं काम आता बऱ्यापैकी मार्गी लागलंय, म्हणून सगळं एकदाच मांडतो. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, जरा जुनीच. तिच्यात एक यूएसबी-ए पोर्ट आणि एक १२ व्होल्टचं सिगारेट लायटरवालं सॉकेट. रोजचा रस्ता बोरिवली ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेनं. फोन दोन: माझा ५००० एमएएचचा ॲन्ड्रॉइड आणि बायकोचा आयफोन. हत्यारं म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून आणलेला यूएसबी मीटर, घरातला मल्टिमीटर आणि फोनमधलं बॅटरीचं तापमान दाखवणारं ॲप.

निष्कर्ष आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. मुंबईत गाडीतला फोन किती भराभर चार्ज होणार, हे खोक्यावर छापलेल्या वॅटपेक्षा फोनचं तापमान जास्त ठरवतं. केबल लावा नाहीतर वायरलेस, आधी फोन गार राहण्याची सोय बघा.

सुरुवात गाडीबरोबर आलेल्या पोर्टपासून केली. हे पोर्ट मुळात गाण्यांच्या पेनड्राइव्हसाठी दिलेलं असतं. यूएसबी २.० च्या नियमानं त्यातून ५ व्होल्टला ५०० मिलिॲम्पिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॅट मिळतात. माझ्या मीटरवरचा आकडा अर्ध्या ॲम्पिअरच्या वर सरकलाच नाही. नकाशा चालू, ब्राइटनेस पूर्ण, मोबाइल डेटा चालू, अशा वेळी फोनच चारेक वॅट खातो. त्यामुळे केबल लावलेली असूनही टक्के उतरत जातात, आणि लोक बिचाऱ्या फोनच्या बॅटरीला दोष देतात. ज्यांच्या गाडीतलं पोर्ट दीड ॲम्पिअर देतं त्यांना साडेसात वॅट मिळतील, नव्या गाड्यांतल्या टाइप-सीवर १५ वॅटपर्यंतही मिळू शकतील. पण आधी मीटर लावून बघा, पोर्टच्या आकारावरून काही कळत नाही.

मग १२ व्होल्टच्या सॉकेटकडे वळलो. पीडी आणि पीपीएस (फोनशी बोलून व्होल्टेज ठरवणाऱ्या जलद चार्जिंगच्या पद्धती) दोन्ही देणारा ४५ वॅटचा चार्जर घेतला. घरात बेंच सप्लायवर (टेबलावरच्या डीसी वीजपुरवठ्यावर) तो व्यवस्थित चालला, गाडीत मात्र खड्डा आला की फोन चार्जिंग सोडून पुन्हा धरायचा. दर वेळी टिंग. दहिसरचे आमचे ऑटो इलेक्ट्रिशियन अण्णा म्हणाले, "चार्जर बदलू नका साहेब, आधी सॉकेट खोलून बघू." त्यांनी सॉकेट बाहेर काढून टॉर्चखाली धरलं. मधल्या पितळी टिकलीवर काळपट थर होता आणि बाजूच्या स्प्रिंगपट्टीच्या कडेला हिरवट रेघ. समुद्राची हवा आणि दमटपणा यांचं हे काम. बाजूच्या पट्ट्या आत दबून सैल झाल्या होत्या, त्यामुळे चार्जर गच्च बसतच नव्हता. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर १४.१ व्होल्ट आणि लोड दिल्यावर सॉकेटवर फक्त १२.९. बॅटरीची वायर सोडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं सगळं पुसलं, पट्ट्या हलक्या हातानं बाहेर ओढल्या, आणि त्याच लोडला आकडा १३.८ वर आला. पैसे जवळपास शून्य लागले. या सगळ्या कामातली सर्वांत फायद्याची पायरी मला विचाराल तर हीच. तुमचा चार्जर सॉकेटमध्ये डुगडुगत असेल तर पुढचं वाचायच्या आधी तेवढं बघून घ्या.

आता केबल. इथे थोडं रेंगाळतो, कारण आपल्यापैकी बरेच जण चार्जरवर पैसे घालतात आणि केबल मिळेल ती लावतात. बऱ्याच केबलच्या आवरणावर बारीक अक्षरांत वायरचा गेज, म्हणजे जाडीचा आकडा, छापलेला असतो. भिंग घेऊन वाचा. गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक. २८ गेजच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे साधारण ०.२१ ओहम रोध असतो, २४ गेजला ०.०८ आणि २० गेजला ०.०३ च्या आसपास. दीड मीटरची केबल घेतली तर करंट जाऊन परत येतो, म्हणजे तीन मीटर वायर झाली. २८ गेजमधून २ ॲम्पिअर ओढायला गेलात तर सव्वा व्होल्ट वाटेतच जिरतो. ५ व्होल्टमधून सव्वा गेल्यावर फोन करंट आपणहून कमी करतो आणि स्क्रीनवर हळू चार्जिंगची सूचना येते. तेच २० गेज असेल तर ०.२ व्होल्टवर भागतं.

दुसरा उपाय पीडीचा. १५ वॅट ५ व्होल्टला पाठवायचे तर ३ ॲम्पिअर लागतात, ९ व्होल्टला पावणेदोनही लागत नाहीत. केबलमधली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणून ९ व्होल्टवर ती तिपटीहून कमी होते. लांब केबल लागणार असेल तर पीडी चार्जर आणि जाड केबल ही जोडी सोडू नका. माझ्या फोनवर नकाशा चालू ठेवून बॅटरीत सलग १५ वॅटच्या आसपास जात होते. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास, तेव्हा हायवेवरच्या आपल्या नेहमीच्या कोंडीत निम्म्याहून जास्त बॅटरी आरामात भरते.

इथपर्यंत सगळं केबलच्या बाजूचं. मग वायरलेस कशाला? कारण रोज दिवसातून अनेकदा गाडीत चढ-उतर करणाऱ्याच्या पोर्टची झीज होते, आणि फोन नुसता चिकटवला की चार्जिंग सुरू, ही सोय एकदा वापरली की सोडवत नाही.

पहिला प्रयोग गिअरच्या पुढच्या खोबणीत ठेवायच्या सपाट पॅडचा. क्यूआय हे वायरलेस चार्जिंगचं मानक २०१० पासूनचं. त्यात साध्या प्रकाराला ५ वॅट, वाढीव प्रकाराला १५ वॅट. हे आकडे पॅडची आणि फोनची कॉइल बरोबर समोरासमोर असतील तरच खरे. कांदिवलीच्या उड्डाणपुलावरून उतरताना फोन बोटभर सरकला की जोडणी सैल होते आणि जी वीज फोनमध्ये जायला हवी ती उष्णता होऊन बसते. मीटरवर पॅडमध्ये १७ वॅट जाताना दिसत होते, तेव्हा बॅटरीत १० ते ११ पोचत होते. बाकीचे स्क्रीन, नकाशा आणि तापण्यात गेले. मेच्या दुपारी अर्ध्या तासात बॅटरीचं तापमान ३४ वरून ४३ अंशांवर गेलं आणि फोननं चार्जिंग पाच वॅटच्याही खाली आणलं. लिथियम-आयन पेशींना चार्ज होताना ४५ अंशांच्या वर गेलेलं सोसत नाही, म्हणून फोन स्वतःला वाचवतो. आयफोन तर ८० टक्क्यांवर थांबूनच राहायचा. बॅटरी फार तापली की ८० च्या पुढचं चार्जिंग रोखायचं, हे त्याच्या सॉफ्टवेअरमध्येच आहे, त्यामुळे फोन बिघडला असं समजू नका.

म्हणून पॅड काढून एसीच्या जाळीवर बसणारा चुंबकाचा होल्डर घेतला, क्यूआय-२ वाला. ॲपलनं २०२० मध्ये आयफोन १२ बरोबर आणलेल्या मॅगसेफच्या चुंबकी पद्धतीवरून २०२३ मध्ये हे मानक तयार झालं. चुंबकांचं कडं फोनला नेमकं कॉइलवर ओढून घेतं, खड्ड्यातही सरकू देत नाही. माझ्या ॲन्ड्रॉइडमध्ये चुंबक नाहीत, त्याला चुंबकाचं कव्हर घातलं. कव्हर पातळ घ्या. पाठीमागे कार्डाचा कप्पा असलेलं तर अजिबात नको, मेट्रोचं किंवा ऑफिसचं कार्ड कॉइलच्या मधे ठेवणं त्या कार्डासाठी बरं नाही.

होल्डर कुठल्या जाळीवर लावायचा, याचं उत्तर मुंबईच्या नकाशात सापडलं आणि मला ते फार आवडलं. आपलं शहर उत्तर-दक्षिण पसरलेलं. सकाळी ऑफिसला दक्षिणेकडे जाताना सूर्य पूर्वेला, म्हणजे डाव्या हाताला. संध्याकाळी उत्तरेकडे परतताना सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डाव्याच हाताला. बोरिवली, मालाड, अंधेरीहून खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या गाडीत दोन्ही वेळा ऊन डावीकडून येतं आणि ड्रायव्हरच्या दाराजवळची जाळी त्या मानानं सावलीत राहते. ठाण्या-मुलुंडहून इस्टर्न एक्स्प्रेसनं येणाऱ्यांचंही तेच. होल्डर मधल्या जाळीवरून उजवीकडच्या जाळीवर नेला, गार वारा थेट फोनच्या पाठीवर लागू लागला, आणि त्याच कडक उन्हात तापमान ३६-३७ वर स्थिरावलं. १५ वॅटचं वायरलेस तेव्हा कुठे शेवटपर्यंत १५ वॅटचं राहिलं.

उजव्या जाळीपर्यंत केबल न्यायला दीड मीटर लागते, म्हणून वर गेजचं इतकं पुराण लावलं. केबल स्टीअरिंगच्या खालच्या पॅनेलमागून क्लिपांनी बांधली आहे. पेडलजवळ लोंबणारी वायर नको आणि एअरबॅगच्या वाटेत काहीही नको, यात तडजोड करू नका. काचेवर होल्डर न लावण्याचं आणखी एक कारण म्हणजे तिथे ऊन थेट लागतं आणि समोरचा रस्ता झाकला जातो. २०२० च्या केंद्रीय नियमबदलानुसार गाडी चालवताना फोनचा उपयोग फक्त रस्ता बघण्यासाठी आणि तोही लक्ष विचलित न होता करायचा आहे. फोन हातात न घेता, नजर फार न वळवता दिसला पाहिजे. उजव्या जाळीवर तो तसा दिसतो.

बटणानं सुरू होणारी गाडी असलेल्यांसाठी एक नोंद. किल्ली ओळखायला बऱ्याच गाड्या १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात, आणि साधं क्यूआय चालतं ते १०० ते २०५ च्या पट्ट्यात. म्हणून किल्ली पॅडशेजारी ठेवली तर गाडी कधी कधी "किल्ली सापडत नाही" म्हणते. क्यूआय-२ चा चुंबकी प्रकार ३६० किलोहर्ट्झवर चालतो, बराच लांब. तरी किल्ली खिशात असलेली बरी. पॅडवर सुटे पैसेही नकोत, धातू आढळला की चांगला पॅड बंद पडतो आणि स्वस्तातला नाणं तापवतो.

पाऊस लागल्यावर चित्र पालटलं. जूनमध्ये छत्री मिटवून आत बसेपर्यंत फोनच्या पोर्टमध्ये पाणी गेलेलं असतं. केबल लावली की ओलाव्याची सूचना येते आणि फोन चार्जिंग घेत नाही. ती सूचना बाजूला सारून जबरदस्तीनं चार्ज करू नका. ओल्या पिनांवर व्होल्टेज आलं की त्या काळ्या पडून झिजतात. अशा वेळी फोनची पाठ कोरडी पुसायची आणि होल्डरला चिकटवायचा, पोर्ट निवांत वाळू द्यायचं. अंधेरी सबवे बंद, सगळी वाहतूक हायवेवर लोटलेली, गाडी जागची हलत नाही आणि फोनवर घरच्यांचे फोनावर फोन, अशा संध्याकाळी वायरलेसनं जी साथ दिली तिला तोड नाही.

पण पावसाळ्यात एसीच्या वाऱ्याची दुसरी बाजू कळली. तासभर गार वाऱ्यात बसलेला फोन घेऊन बाहेरच्या दमट हवेत उतरलं की कॅमेऱ्याच्या काचेवर लगेच धुकं धरतं. पोर्टच्या धातूवरही तसंच दव बसत असणार, कारण पावसाचा थेंब न लागताही संध्याकाळी घरी ओलाव्याची सूचना यायला लागली. आता परतताना बोरिवलीचा सिग्नल आला की त्या जाळीचा वारा बंद करतो, गाडी लावेपर्यंत फोन हवेच्या तापमानाला येतो. सूचना थांबल्या.

सध्याची मांडणी अशी आहे: रोज क्यूआय-२, लांबच्या प्रवासाला केबल. अटल सेतूवरून पनवेल आणि पुढे घाटात नकाशा, गाणी, हॉटस्पॉट सगळं चालू असतं, तिथे केबलच हवी.

राहिलेलं काम मागच्या सीटचं. लोहार चाळीतून जाड वायर आणून ठेवली आहे. फ्यूज बॉक्समधून इग्निशनवर चालू-बंद होणाऱ्या जागी फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेवरून जादा वायर काढायचा जोड) घालून मागे टाइप-सी पोर्ट काढायचं आहे. गाडीचं हार्नेस (मूळ वायरींचा जुडगा) कापायचं नाही, आणि सॉकेटचा मूळ १५ ॲम्पिअरचा फ्यूज आहे तोच राहील. नव्या वायरीला तिच्या जाडीप्रमाणे वेगळा फ्यूज, तोही टॅपच्या अगदी जवळ. कोणी उजव्या बाजूच्या ट्रिमखालून (कडेच्या प्लास्टिकच्या पट्टीखालून) वायर मागे नेली असेल तर सीटबेल्टच्या यंत्रणेपासून ती कशी लांब ठेवली, त्याचे फोटो टाका. पट्टी उघडायच्या आधी बघायचे आहेत.