डबी ४ चा छडा लागला, पण आनंद अर्धाच

मागच्या वेळी रडगाणं गायलो होतो ते आठवत असेल. हवेतली धूळ मोजणाऱ्या आपल्या सहा डब्यांपैकी डबी ४ चा आकडा रोज पहाटे ५ ते ८ पिसाळल्यासारखा वर जातो आणि ऊन पडलं की गुमान खाली येतो. तीन आठवडे मी बिचाऱ्या पीएमएस५००३ ला (लेझरने धूळ मोजणारा सेन्सर) शिव्या घातल्या. पंखा साफ केला, अडॅप्टर बदलला, शेवटी डबी २ चा सेन्सर काढून हिच्यात बसवला. ढिम्म फरक नाही. हवा मोजणाऱ्या सरकारी स्टेशनच्या कुंपणाशी टांगली तर दुपारी दोघांचे आकडे गळ्यात गळा घालून. पहाटे स्टेशनचं पीएम२.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ) ३८, आमचं ११०.

छडा लागला गुरुवारी. नदीकडून धुकं आलेलं, शिडीवर माझ्या चष्म्याला दव, आणि डबी सांगतेय आरएच (हवेतला सापेक्ष दमटपणा, टक्क्यांत) ६४!

आधी बीएमई२८० वर, म्हणजे दमटपणा मोजणाऱ्या सेन्सरवर, संशय. (बुधवार पेठेतून आणलेल्या पहिल्या पाचांत दोन बीएमपी निघाले होते, चिप आयडी हेक्समध्ये ६० ऐवजी ५८. दुकानदार म्हणे, 'एकच असतं ते.' एकच कसं? बीएमपी दमटपणा मोजतच नाही. आता दुकानातच लॅपटॉप उघडतो.) मग मिठाची परीक्षा घेतली. घट्ट झाकणाच्या डब्यात मीठ, चिखल होईल इतपतच पाणी, वर सेन्सर लटकवून रात्रभर बंद. ओल्या मिठावरच्या बंद हवेचं आरएच ७५ असतं, म्हणून ७५ यायला हवं, आलं ७४.१. चार रुपयांच्या मिठात झालेलं हे कॅलिब्रेशन मी दिवसभर घरी सांगत फिरलो.

म्हणजे सेन्सर खरा, जागा खोटी. ईएसपी३२ (डबी चालवणारी चिप) दिवसरात्र वायफायवर तापलेली, आणि पाऊस शिरू नये म्हणून डबी मीच सिलिकॉनने लिंपलेली. आत २४ अंश, बाहेर १८. एवढ्या ६ अंशांत बाहेरचं ९२ आत ६४ होतं.

आता सोपं वाटलं. ईपीएचं (अमेरिकेची पर्यावरण संस्था) पर्पलएअरवालं (असेच स्वस्त धूळ-सेन्सर) समीकरण आपण सगळेच डोळे मिटून लावतो: कच्चा आकडा गुणिले ०.५२४, वजा आरएच गुणिले ०.०८६२, अधिक ५.७५. आरएच ६४ घातलं तर ५७.९. खरं ९२ घातलं तर ५५.५. एवढ्या खटाटोपातून २.४ सुटले! वर ते समीकरण अमेरिकेतल्या हवेवर, पर्पलएअरच्या स्वतःच्या खोक्यातल्या आरएचवर बेतलेलं. आपल्या धुक्याशी त्याचं काय नातं?

मूळ भांडण वेगळंच आहे. स्टेशनचा बीएएम (तिथलं धूळ मोजायचं यंत्र) नळी तापवून हवा कोरडी करतो आणि मग धूळ तोलतो. आपला लेझर पाणी पिऊन फुगलेले कण तसेच बघतो. म्हणून कप्पाचं सूत्र काढलं (कप्पा म्हणजे धूळ किती पाणी पिते त्याचा आकडा). कप्पा ०.३ धरला तर ९२ आरएचला भागाकार ३.०९ ने, म्हणजे ११० चे ३६. स्टेशन ३८! खुर्चीतून उठून नाचलो. तेच ६४ धरलं असतं तर ८३ आले असते, म्हणजे सगळी मेख आरएचमध्येच होती. अर्थात ही एकाच पहाटेची जुळणी आहे. आपल्या धुळीचा कप्पा कुंपणाशेजारच्या सगळ्या तासांवरून काढायला हवा.

आणि ९८ आरएचला हेच सूत्र जवळजवळ १० ने भागायला लागतं, तिथे आकडा म्हणजे निव्वळ जुगार. ९५ च्या वरचे तास सरळ फेकावेत असं ठरवत होतो, पण वॉचमनच्या शेकोट्या, कचरा, टायर, सगळं नेमकं त्याच वेळी पेटतं. फेकलं तर धूरही गेला. तेव्हा फेकायचं नाही, झेंडा लावायचा: कच्चा आकडा ठेवायचा, दुरुस्त आकड्याच्या जागी 'अनिश्चित'. सहाही डब्या वॉर्डाच्या निधीतून आल्यात. उद्या सभेत कुणी विचारलं, 'तुमचा आकडा खरा की सरकारी?', तर कच्चा, दुरुस्त आणि झेंडा, तिन्ही रकाने समोर ठेवता आले पाहिजेत.

हे लिहीत होतो तोवर बेत होता सहाही बीएमई बाहेर काढून कुंडीखालच्या बशांच्या उतरंडीत (ऊन-पाऊस अडतो, हवा खेळते) बसवायचा. आत्ता सुचलं, गरजच नाही! डबीत हवा तापली तरी दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो) तोच राहतो. आतल्या तापमान-आरएचवरून दवबिंदू काढायचा, बाहेर सावलीत एक डीएस१८बी२० (तापमानाचा सेन्सर) लटकवायचा, की बाहेरचं आरएच हातात. शिवाय स्टेशनच्या तापमानावरून मागचे तीन आठवडेही वाचवता येतील. बशा एकाच डबीला, ताडून बघायला.

डबी ४ कुंपणाशी कायमची राहील. बाकीच्या पाळीपाळीने दोन-दोन आठवडे तिच्या शेजारी. रविवारी सकाळी डबी १ उतरवतोय. शिडी कोण आणतंय?