मोठी टाकी बांधताना उंची आधी ठरवा

घरात मोठी मत्स्यटाकी बांधून घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न हमखास येतो तो ‘किती लिटरची?’ हा. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा आहे. आधी उंची ठरली पाहिजे, ती शक्य तितकी कमी ठेवली पाहिजे आणि मनात असलेले बाकीचे सगळे पाणी लांबी-रुंदीत पसरले पाहिजे. आमच्या टाकीचा आराखडा करताना मी या मतापर्यंत आले, आणि टाकी चालू झाल्यापासून ते अधिकच पक्के झाले आहे.

काचेवर येणारा पाण्याचा दाब टाकीच्या लांबीवर अवलंबून नसतो, तो खोलीवर अवलंबून असतो. पुढच्या काचेवरचा एकूण रेटा तर उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आमची टाकी १८० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच आहे. ती काठोकाठ भरली, तर पुढच्या काचेला सुमारे ३२५ किलो वजनाइतका रेटा सोसावा लागतो. उंची ६० ऐवजी ७५ केली असती, तर तोच रेटा ५०० किलोच्या वर गेला असता. म्हणजे पाणी पाव पटीने वाढले असते आणि रेटा निम्म्याहून अधिक. मग काच जाड घ्यावी लागते, वरच्या आडव्या पट्ट्या रुंद कराव्या लागतात, सिलिकॉनच्या सांध्यांवरचा ताण वाढतो, आणि एवढे करून मिळते काय, तर तळापर्यंत हात न पोहोचणारी टाकी. तळाशी रोप लावणे, निसटलेला दगड बसवणे, कोपऱ्यातले शेवाळ खरवडणे ही कामे वर्षानुवर्षे हातानेच करायची असतात. बहुतेकांचा हात खांद्यापर्यंत बुडवला तरी सत्तर सेंटिमीटरच्या खाली जात नाही. उंच टाकीत तळाच्या वनस्पतींपर्यंत उजेड पोहोचवायलाही अधिक प्रखर दिवे लागतात.

रुंदीचे फायदे मात्र रोज दिसतात. पाण्याचा पृष्ठभाग मोठा असल्याने हवेतला प्राणवायू अधिक विरघळतो. लाकूड आणि दगड मागे-पुढे रचता येतात, त्यामुळे देखाव्याला खरी खोली येते. माशाला वळायला जागा मिळते, आणि हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ऑस्कर पूर्ण वाढीत ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. असा मासा ४५ सेंटिमीटर रुंदीच्या टाकीत ठेवला, तर टाकी कितीही लांब असली तरी प्रत्येक वळणावर त्याला अंग चोरावे लागते.

वजनाचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय काचेची मापे कोणाला देऊ नयेत. बाहेरच्या मापाने आमची टाकी ६४८ लिटरची होते. वाळू-दगडांनी व्यापलेली जागा आणि वरची मोकळी पट्टी वजा केली तर प्रत्यक्ष पाणी सहाशे लिटरच्या आसपास भरते, म्हणजे तेवढेच किलो. एक मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच अडीच किलोची असते, त्या हिशेबाने १२ मिलिमीटरच्या पाच काचांचे वजन १२० किलोच्या जवळ जाते. त्यात वाळू, दगड, लोखंडी स्टँड आणि खालच्या संपमधले (म्हणजे टाकीतून सांडणारे पाणी जिथे जमा होते त्या दुसऱ्या टाकीतले) पाणी मिळवले की बेरीज एक टनाला भिडते. राहत्या घरांच्या जमिनी सर्वसाधारणपणे दर चौरस मीटरला १५० ते २०० किलोच्या वापरभारासाठी आखलेल्या असतात, आणि इथे जेमतेम एक चौरस मीटरवर त्याच्या पाचपट भार येऊन बसतो. म्हणून लगेच काही अनर्थ होतो असे नाही, कारण एका जागचा भार आजूबाजूच्या स्लॅबमध्ये आणि तुळयांमध्ये वाटला जातो. पण माणसे हलतात, टाकी हलत नाही. सततच्या भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षे किंचित वाकत राहते. त्यामुळे टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता भार घेणाऱ्या भिंतीलगत किंवा तुळईवर ठेवावी, आणि वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर इमारतीचे नकाशे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून त्याचे मत घ्यावे. आम्ही जागा त्याच्याकडूनच ठरवून घेतली.

स्टँड मजबूत असणे पुरेसे नाही, ते समतल असावे लागते. पाणसळ चारही दिशांना लावून पाहावी आणि पायांखाली पक्क्या पट्ट्या सरकवून फरक काढावा. टाकीचा तळ सपाट काचेचा असेल तर खाली फोमची पातळ चटई अंथरावी, म्हणजे वाळूचा एखादा कण काचेवर एकाच बिंदूत दाब देत नाही. यानंतरची सर्वांत चांगली पाणसळ म्हणजे खुद्द पाणी. टाकीत दहा सेंटिमीटर पाणी भरून चारही कोपऱ्यांत वरच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजले, की कलाबद्दल शंका उरत नाही. एक कोपरा खाली असला तर टाकीला पीळ बसतो, आणि तो पीळ सिलिकॉनला सोसावा लागतो.

पाण्याच्या वाटेवर मी सर्वांत जास्त वेळ दिला. मागच्या काचेला वरच्या बाजूला भोके पाडून घेतली. ही भोके टाकी जोडण्याआधीच पाडावीत, आणि त्या काचेला टफन करू नये (म्हणजे तापवून कठीण करू नये), कारण टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडू गेल्यास तिचा चुरा होतो. भोकांसमोर दातेरी काठाची एक अरुंद पेटी आहे. पृष्ठभागावरचे पाणी त्या काठावरून पेटीत सांडते आणि तीन पाइपांनी खालच्या संपकडे जाते. पहिला पाइप पूर्ण भरून वाहतो आणि त्याच्या व्हॉल्व्हने प्रवाह नेमका करता येतो, दुसऱ्यातून उरलेली बारीक धार उतरते, आणि तिसरा कोरडा राखून ठेवलेला असतो. पहिल्यात गोगलगाय किंवा पान अडकले तर पाणी चढून तिसऱ्यात शिरते, त्याचा खळखळाट घरभर ऐकू येतो आणि जमीन मात्र कोरडी राहते. तीन पाइप ही चैन वाटू शकते. सहाशे लिटर पाणी घरात ठेवणाऱ्याने ती जरूर करावी.

वीज गेल्यावर काय होईल, हेही आधीच मोजावे. पंप थांबला की पेटीच्या काठाच्या वरचे सगळे पाणी खाली उतरते. आमच्या टाकीत पातळी एक सेंटिमीटरने उतरली तर जवळजवळ ११ लिटर पाणी संपमध्ये येते. संपमधले पाणी पंपाने पुन्हा वर आणणाऱ्या परतीच्या पाइपचे तोंड पाच सेंटिमीटर बुडालेले असेल, तर तो पाइप उलटा सायफन होऊन ५० लिटरहून अधिक पाणी खाली ओढतो. त्यासाठी परतीचे तोंड पृष्ठभागाच्या लगत ठेवावे, पाइपला पातळीच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडावे म्हणजे पातळी उतरताच तिथून हवा शिरून सायफन तुटतो, आणि संपमध्ये तेवढी जागा कायम रिकामी सोडावी. या कामी एकमार्गी व्हॉल्व्हवर मी भरवसा ठेवत नाही. त्यात कचरा अडकला की तो उघडा राहतो. वाळू घालण्याआधी टाकी नुसत्या पाण्याने भरून पंप मुद्दाम बंद करून पाहावा आणि संप काठापर्यंत येतो का ते डोळ्यांनी बघावे. वायरींना सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचत नाही, आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवावाच. हीटर एका मोठ्याऐवजी निम्म्या शक्तीचे दोन घ्यावेत. एक चालूच अडकला तरी पाणी उकडत नाही आणि एक बंद पडला तरी दुसरा तग धरतो.

पाणी बदलण्याची सोयही आराखड्यातच हवी. दर आठवड्याला पाव पाणी बदलायचे म्हटले तरी दीडशे लिटर होते, आणि पंधरा लिटरच्या दहा बादल्या वाहण्याचा उत्साह फार काळ टिकत नाही. आम्ही थेट नाल्याकडे जाणारा एक पाइप व्हॉल्व्हसह घेतला आहे. ताज्या पाण्यातले क्लोरीन किंवा क्लोरामाइन काढण्याचे औषध मात्र दर खेपेस मोजूनच घालावे लागते.

माशांची घाई सर्वांत शेवटी आवरावी लागते, आणि तेच सर्वांत कठीण जाते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून तयार होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू गाळणीत रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे न सोडता बाहेरून थोडा अमोनिया घालून या जिवाणूंना पोसावे. घातलेला अमोनिया एका दिवसात शून्यावर येऊ लागला आणि नायट्राइटही दिसेनासे झाले, की टाकी तयार झाली. टाकी मोठी आहे म्हणून सगळे मासे एकदम सोडून चालत नाही, कारण जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाइतकीच असते, टाकीच्या आकाराइतकी नव्हे. आम्ही आधी रमीनोज टेट्रांचा एक छोटा थवा सोडला, पुढचे दोन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट तपासत राहिलो, आणि दोन्ही शून्यावर स्थिर आहेत हे पाहिल्यावरच तळाशी वावरणारे कोरीडोरास आणले.