ओव्हरटाइमची वही आणि जर्मनीला गेलेली तक्रार

चाकणच्या एका कारखान्यात मी प्रेस शॉपला ठेकेदारामार्फत कामाला होतो. आमचा माल जर्मनीतल्या एका मोठ्या कंपनीकडे जायचा. आम्ही मानवी हक्क पाळतो, पुरवठादारांनीही पाळले पाहिजेत, असा त्या कंपनीचा बोर्ड कॅन्टीनमध्ये हात धुवायच्या नळाशेजारी लावलेला होता. खाली तक्रारीचा क्यूआर कोड. पाणी उडून उडून त्याचा एक कोपरा फुगला होता. दोन वर्षं रोज तिथे हात धुतले, पण तो आपल्यासाठी आहे असं कधी वाटलंच नाही.

आठ तासांवर रोज दोन तास ओव्हरटाइम. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ५९ नुसार जादा तासाला दुप्पट दर द्यावा लागायचा. आम्हाला सिंगलच मिळायचा. ताशी ६५ रुपयांनी २६ दिवसांचे ३,३८० रुपये दर महिन्याला कमी. माझ्या खोलीचं भाडं त्यात निघालं असतं.

एचआरकडे गेलो तर म्हणाले, "तुम्ही आमच्या रोलवर नाही." ठेकेदाराने गेट दाखवलं. कामगार संघटनेत काम करणाऱ्या मावसभावाने मग सांगितलं, की जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा लागू झालाय. तिथल्या मोठ्या कंपन्यांना पुरवठादाराच्या कामगारांचीही तक्रार ऐकून घ्यावी लागते. तेव्हा कुठे तो कोड स्कॅन केला.

पहिली तक्रार मी रागात लिहिली होती: आमच्यावर अन्याय होतोय, लक्ष घाला. नाव दिलं नाही, म्हणून फक्त एक नंबर मिळाला. आठवड्याने त्या नंबरवर प्रश्न आले. कुठल्या तारखा? किती तास? पुरावा काय? नशिबाने माझ्याकडे वही होती. घरी आई दुधाचा हिशेब लिहायची, तशीच मी आत-बाहेरची वेळ रोज लिहीत होतो. आठ महिन्यांच्या पानांचे फोटो आणि बँकेच्या नोंदी पाठवल्या. कोणाला अशी तक्रार करायची असेल तर आजपासून वही घाला, एवढं मी कळकळीने सांगतो.

दीड महिन्याने तपासणीला माणसं आली. आदल्या दिवशी ठेकेदाराने आम्हाला गेटवर उभं करून बजावलं, "विचारलं तर डबल मिळतो म्हणायचं." पण त्यांनी आधी पंचिंगचा रेकॉर्ड आणि पगारपत्रक शेजारी शेजारी ठेवलं, मग सुपरवायझरला बाहेर काढून एकेकाला आत बोलावलं. त्यांच्यातल्या एक बाई मराठीतून बोलत होत्या. माझ्या मशीनवरच्या जोडीदाराने खरं ते सांगितलं.

तीन दिवसांनी त्यालाच "उद्यापासून येऊ नको" म्हणाले. तक्रार माझी आणि भोगतोय तो. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच नंबरवर सगळं लिहिलं, या वेळी स्वतःचं नाव घालून. एकोणीस दिवसांनी त्याला परत घेतलं.

पुढच्या महिन्यात फरकाचे २७,०४० रुपये खात्यावर आले. प्रेस शॉपमधल्या सगळ्या ठेकेदारी पोरांना त्यांच्या त्यांच्या हजेरीप्रमाणे मिळाले, आता पगाराच्या पावतीवर ओव्हरटाइमचा दर वेगळा छापलेला असतो. जोडीदाराचा त्या एकोणीस दिवसांचा पगार मात्र अजून आलेला नाही. त्यासाठी नवी तक्रार टाकलीय, त्याच्या नावाखाली माझंही नाव आहे.