एक्झिमा आणि आतड्यातले जिवाणू
आतड्यातले चांगले जिवाणू अन्नातला चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. ते रोगप्रतिकारक पेशींना आवरतं, म्हणून एक्झिमा, म्हणजे खाज सुटणारा त्वचेचा दाहही उतरेल अशी आशा. फिनलंडमधल्या 2001 च्या चाचणीत ॲलर्जीचा कौटुंबिक इतिहास असलेल्या गरोदर बायकांना प्रसूतीआधी 2 ते 4 आठवडे, मग आईला किंवा बाळाला 6 महिने लॅक्टोबॅसिलस जीजी हे प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंचं औषध) दिलं. दोन वर्षांच्या मुलांत एक्झिमा नकली औषध घेतलेल्या गटातल्या 46 ऐवजी 23 टक्के दिसला.

आधीच झालेल्या एक्झिमाचं तसं नाही. 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) प्रोबायोटिकच्या 39 चाचण्या तपासूनही फारसा फरक आढळला नाही. तरी प्रोबायोटिक घ्यायचंच असेल, तर डबीवर स्ट्रेनचं, म्हणजे जिवाणूच्या नेमक्या उपप्रकाराचं, पूर्ण नाव बघा. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' पुरेसं नाही. आणि मॉइश्चरायझर अजिबात बंद करू नका, घोळ तिथेच होतो! अपुऱ्या दिवसांच्या बाळाला डॉक्टरांशिवाय देऊच नका.